आग्रह न करणाऱ्या मुली

रॉटरडॅमला कॉलेजात गेले, त्या पहिल्याच महिन्यात मी ठरवून टाकलं की आपल्याला मुलींच्या क्लबात शिरायचंच. क्लब म्हणजे जिमखाना नव्हे. इथल्या विद्यार्थी संघटनांमध्ये बारा-पंधरा मुलींचे छोटे गट असतात. गटाचं स्वतःचं नाव, एकसारखे हिरवे स्वेटर, गुरुवारचं ठरलेलं जेवण आणि नशीब असेल तर एक जुनं घर, ज्यात फक्त त्याच मुली राहतात. एकदा घेतलं की जन्मभराच्या मैत्रिणी. दर ऑक्टोबरात नव्या मुलींना जेवायला बोलावतात, पाच आठवडे पारखतात आणि शेवटी एका रविवारी निवडतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला मी नेहमी नाक मुरडत आले होते. इथे तोच कार्यक्रम पाच वेळा होता आणि त्यासाठी मी वाऱ्यापावसात स्वतःहून सायकल हाणत जात होते.

एका गुरुवारी माझ्या विनोदावर सगळं टेबल हसायचं आणि मी तरंगत घरी परतायचे. मग तीन दिवस फोनवर चिडीचूप. लेक्चरला बसून मी फोन पालथा ठेवायचे, पुन्हा उताणा करायचे. आई-बाबा तासाभरावरच्या हूफडॉर्प गावात होते. मी बारा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून तिथे आलो. आईला वाटायचं ही कसलीशी प्रवेश परीक्षा आहे. ती फोनवर विचारायची की तयारी झाली का, आणि मी झाली म्हणायचे.

निवड झाली तेव्हा चौघी जणी फुलं घेऊन दाराशी आल्या आणि मी चक्क रडले. त्यांच्या घरात खोलीही मिळाली. रॉटरडॅममध्ये विद्यार्थ्याला खोली मिळणं म्हणजे काय, ते शोधणाऱ्यालाच माहीत.

आपण अडकलोय हे कळायला वर्ष लागलं. गुरुवार चुकवायचा नाही. शनिवार-रविवार आईकडे जायचं तर आठवडाभर आधी सांगायचं. प्रत्येकीचा वाढदिवस, प्रत्येकीचं मोडलेलं प्रेम, सगळं सगळ्यांचं. क्लब सोडला तर खोली जाणार, आणि खोली गेली तर हूफडॉर्पहून रोजची ये-जा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुली वाईट असत्या तर भांडून निघून गेले असते, पण त्या वाईटही नव्हत्या. मला ताप आला तेव्हा एकीने दोन दिवस सूप करून वर आणून दिलं. त्यांच्यात राहून मी स्वतःला घासूनपुसून इतकी गुळगुळीत केली होती, की कोणी ‘तू तर आमच्यातलीच’ म्हटलं की मला आनंद व्हायचा आणि मग त्या आनंदाचाच राग यायचा.

दुसऱ्या वर्षी मी पारखणाऱ्यांच्या बाजूला बसले. आलेल्या मुलींमध्ये एक पुण्याची होती, बारावी करून थेट इथे आलेली. शेजारच्या कापेल गावात एका कुटुंबाकडे ती तात्पुरती राहत होती आणि नोव्हेंबरअखेर तिला ती जागा सोडायची होती. आमच्याकडे एक खोली रिकामी होणार असल्याचं तिला कळलं होतं. हे सगळं तिने पहिल्याच गुरुवारी, कोट काढता काढता, मला मराठीत सांगून टाकलं, दर वाक्याला ताई म्हणत. मी तिच्याहून जेमतेम एका वर्षाने मोठी. कित्येक महिन्यांत मला कोणी ताई म्हटलं नव्हतं. फार बरं वाटलं, आणि लगेच मी मागे वळून पाहिलं की कोणी ऐकलं तर नाही.

इथे जेवण संध्याकाळी सहाला. बटाटे आणि पालेभाजी घोटून केलेल्या पदार्थाचा मोठा टोप टेबलाभोवती फिरतो. तो तिच्यापुढे आला तेव्हा तिने चमचाभर वाढून घेतलं. शेजारणीने विचारलं, आणखी हवंय का? ती नको म्हणाली आणि ताटाकडे बघत थांबली. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. आपल्यात पहिलं नको हे नको नसतंच. वाढणारीने म्हणायचं असतं, अगं घे की, खाल्लंस काय तू, आणि मग आणखी एकदा नको म्हणून घ्यायचं असतं. शेजारणीने मान डोलावली आणि टोप पुढे सरकवला. पाचही गुरुवार ती पोरगी आमच्याकडून अर्धपोटी उठली.

तिला बाजूला घेऊन सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पुढच्या गुरुवारी सांगू, असं मी दर गुरुवारी म्हणत राहिले. खरं कारण मला ठाऊक होतं. आमच्यातली एक जण हसत म्हणाली होती की आता तुम्ही दोघी तुमच्या भाषेत आमच्याबद्दल बोलणार. त्यावर सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते.

शेवटच्या जेवणाला आमच्या अध्यक्षबाईंनी, म्हणजे एकवीस वर्षांच्या एका मुलीने, तिला सरळ विचारलं की तुला आमच्यात यायचंय का. ती म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल तसं. पुण्यात कुठल्याही घरी या उत्तराचं कौतुक झालं असतं. इथे दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

निवडीचा रविवार. दुपारी आम्ही सगळ्या बैठकीच्या खोलीत गालिच्यावर गोल करून बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. नियम असा की प्रत्येकीने आपलं मत मोठ्याने सांगायचं आणि एकीचा नकारही पुरतो. ज्या मुलीला नाकारलं, तिला फोन करायचा तो तिला सगळ्यांत जवळून ओळखणारीने.

पुण्याच्या मुलीचं नाव निघालं. एक म्हणाली, ती आपलं अन्नसुद्धा खात नाही. दुसरी म्हणाली, तिला यायचंच नाहीये, तिने तसं सांगितलंच की. त्यांच्या हिशेबाने दोघींचंही बरोबर होतं. मग मला सूप आणून देणारी म्हणाली, जरा थांबा, आणि माझ्याकडे वळली.

“तू तिला ओळखतेस. ती तशीच आहे, की तुमच्याकडे असं बोलायची पद्धत आहे?”

याहून सोपं करून कोणी काय विचारणार? पद्धत आहे, एवढंच म्हणायचं होतं. सगळे चेहरे माझ्याकडे वळले होते. हो म्हटलं तर मीही त्या पद्धतीची, तिच्या बाजूची ठरणार होते. तिच्या प्रत्येक नकोचा अर्थ मला समजावून सांगत बसावा लागणार होता, आणि मग माझ्याही बोलण्याचे अर्थ कोणी शोधायला लागलं असतं. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “ती तशीच आहे.”

पुढच्या मुलीचं नाव निघालं. संपल्यावर मी वर माझ्या खोलीत गेले, कारण फोन मलाच करायचा होता. तिने पहिल्याच घंटीला उचलला. मी मराठीतच सांगितलं, जमेल तितक्या मऊपणाने. तिने विचारलं,

“माझं काय चुकलं ते सांगशील का, ताई? म्हणजे दुसरीकडे तरी तसं व्हायला नको.”

दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि तिला त्याचा उपयोगही झाला असता. पण मग तिने विचारलंच असतं की हे तू त्यांना का नाही सांगितलंस. म्हणून मी म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, कधी कधी नाही जमत. खोलीसाठी मी कुठे विचारू का, असंही म्हणाले. ती नको म्हणाली, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

“तू होतीस म्हणून बरं,” ती म्हणाली. “तिथे निदान एकीला तरी माझं बोलणं कळत होतं.”

मी हो म्हणाले. पुढची दोन वर्षं मी त्याच घरात राहिले आणि एकही गुरुवार चुकवला नाही.