कॉलरच्या आतली खूण

आमच्या हॉकी क्लबने जुन्या वस्तूंचं कपाट करायचं ठरवलं तेव्हा यादीचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते, म्हणून असली कामं माझ्याच वाट्याला यायची. सत्तरचं दशक नुकतंच संपलं होतं. वहीत मी चार रकाने आखले: वस्तू, कोणाची, कोणी दिली, खात्री कशी केली. चौथा रकाना बघून कमिटीतले लोक हसले. पण त्याच रकान्यामुळे मी दोन हॉकी स्टिका परत पाठवल्या.

यादीत सगळ्यात वर जर्सी होती. आमच्या क्लबचा एक सेंटर हाफ साठच्या दशकात इतका गाजला, की त्याचा खेळ बघायला पारशिवनीहून माणसं बसने यायची. तो काविळीने चौतिशीत गेला. त्याची जर्सी त्याच्या बायकोकडे होती.

"यादीवाल्या बाई तुम्हीच का? या, बसा," ती म्हणाली. ट्रंक उघडून तिने कडुनिंबाचा पाला बाजूला केला आणि गर्द हिरवी जर्सी माझ्या मांडीवर ठेवली. "न्या. पण सांभाळा, बाप्पा. पंधरा वर्सं झाले, एक दिवस उन्हात टाकली नाही, रंग जाईन म्हणून. अन् त्याचं नाव मोठं लिहा. लोक विसरून राहिले त्याले."

त्या काळी आमच्या जर्सीवर आकडे नसत. अकराही सारख्या. मी कॉलर उलटून पाहिली. आत बिब्ब्याची काळी खूण होती: एक रेघ, दोन ठिपके. धोबी बिब्ब्याच्या चिकाने प्रत्येकाच्या कपड्याला वेगळी खूण करत, आणि ती कितीही धुतली तरी जात नसे. मला बरं वाटलं. चौथा रकाना भरणार होता.

क्लबचे कपडे धुणारा धोबी म्हातारा झाला होता. धरमपेठेत लेकाच्या इस्त्रीच्या टपरीवर बसून असे. त्याच संध्याकाळी मी गेले. त्याने चष्मा पुसून खूण पाहिली आणि जर्सीची लगेच घडी घातली.

"काहून आणली वं ताई हे इथं?"

"खूण त्यांचीच ना? तेवढं सांगा."

"त्याचे तीन ठिपके होते. रेघ नव्हती. त्याची त त्याच्यासोबतच गेली. मीच धुऊन, इस्त्री करून देली होती. क्लबच्या पोरांनी त्याच्या अंगावर घातली अन् घाटावर घेऊन गेले."

"मग ही?"

"राखीव गड्याची. तो नोकरीले भिलाईले निघून गेला, न्यायलेच आला नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन तिकडून चाललो होतो. बाई दारात बसून होती. म्हणे, सारे कपडे वाटून टाकले, त्याच्या अंगातलं घरात काहीच राहिलं नाही. माझ्या गठ्ठ्यात हे होती. म्हटलं, घे माय, त्याची दुसरी, धुवायले होती."

"क्लब दोन जर्सी देत होता?"

"एकच देत होता. तिले काय मालूम?" त्याने जर्सी माझ्या हातात दिली. "ताई, तिले सांगू नका. मले जे बोलायचं ते बोला."

मी जर्सी पिशवीत घातली. घरी येऊन वही उघडली. परत करावी तर त्याची बायको म्हणणार, त्याला कपाटात जागा नाही. सांगावं तर पंधरा वर्षांनी तो तिच्या घरातून पुन्हा जाणार. आणि त्याची म्हणून लावावी, तर त्या दोन स्टिका मी कोणत्या तोंडाने परत केल्या? दोन दिवस मी जर्सीपुढे लावायची चिठ्ठी लिहिली नाही. असं माझ्याकडून कधी होत नाही.

शेवटी फळीच्या वर त्याचा फोटो लावला, खाली मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. जर्सीपुढच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'क्लबची जर्सी. त्यांच्या पत्नीने पंधरा वर्षे जपली.' पुढे तिचं नाव. एवढंच मला खात्रीने माहीत होतं.

कपाट उघडलं त्या दिवशी ती आली. चिठ्ठी तिने बोट ठेवून वाचली.

"माय वं! माझं नाव कायले?"

"जपली तुम्ही."

"मी काय खेळली का?" ती म्हणाली, पण बोट नावावरून काढलं नाही. मग तिने जर्सीची बाही दोनदा मुडपली. "तो अशीच ठेवत होता. ढिली राहिली का चिडे."

मी ती तशीच राहू दिली आणि काच बंद केली. धोबी मागे दाराशी उभा होता, आत आला नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. वस्तू: जर्सी. कोणी दिली: पत्नीने. बाकीचे दोन रकाने कोरे आहेत.