शेवटच्या पायरीखालचा सांधा

तिरपेमामांचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. साडेपाचला ते कामावर हजर, आणि सहाच्या आत गनमधून सांधे भरायच्या रबरी सीलंटची पहिली रेघ सुटलेली असायची. एवढी घाई कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारायचा. मामा सांगायचे, फरशी रात्रभर गार पडते, आकसते, म्हणून पहाटे दोन फरश्यांमधली फट सगळ्यात रुंद असते. तेव्हा भरलेलं सीलंट दिवसा दाबलं जातं आणि ते दाब सोसतं. भर दुपारी, फट मिटलेली असताना भरलं, तर पहाटे ताण बसून कडेनं सुटतं. एरवी मामा दिवसाकाठी वीसेक वाक्यं बोलायचे, त्यातली निम्मी गनला.

मी फरश्या बसवायचो आणि मामा माझ्या मागून सांधे भरत यायचे. बावीस वर्षं आम्ही असे एकामागून एक चाललो. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. तिरपे हे नाव पडलं ते त्यांच्या पत्र्याच्या डब्यामुळे. त्यात गनला लावायची टोकं असायची, सगळी तिरपी कापलेली. सरळ रेघेसाठी अर्ध्या काटकोनात, आतल्या कोपऱ्यासाठी जरा जास्तच तिरपं. एक टोक गरम पाण्यात मऊ करून, आत तार घालून वाकवलेलं, नळामागे पोचायला. एक चिमट्यानं दाबून चपटं केलेलं. दुकानातून नवीन टोक आणलं की मामा आधी ब्लेड शोधायचे. रेघ गुळगुळीत करायला चमच्याची पाठ आणि घासून घासून गोल केलेल्या तीन लाकडी पट्ट्या. बोट कधीच नाही. "बोट खणतं, आणि त्याला वाटतं आपण पुसतोय," म्हणायचे. रेघेच्या दोन्ही बाजूंची टेप सीलंटवर साय धरायच्या आत ओढायची, एका दमात. तेव्हा कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

पोहण्याच्या तलावाचं काम आमचं शेवटचं मोठं काम. वर काचेचं छप्पर, खाली निळ्या फरश्या. सकाळी रिकाम्या तळाशी उभं राहिलं की डोक्यावरून पाणी गेल्यासारखं वाटायचं. आवाज भिंतींना लागून उशिरा परत यायचा, म्हणून सगळेच हळू बोलायला लागले, कुणीतरी शेजारी झोपलंय अशा बेतानं. मुकादमसुद्धा.

उतरायच्या पायऱ्यांपैकी शेवटची माझ्यामुळे रखडली. दोन फरश्या तडकल्या, त्या काढून पुन्हा बसवाव्या लागल्या. माझं उरकलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. पायरीखाली भिंत, तळ आणि पायरी एकत्र येतात, तो कोपरा तेवढा भरायचा राहिला. मामांनी फरशीवर तळहात ठेवला. छपरातून ऊन थेट तिच्यावर येत होतं.

"उद्या पहाटे भरतो," ते म्हणाले.

मुकादम म्हणाला, "मामा, आठवड्यानं पाणी सोडायचंय. सुकायला आठवडाच लागतो, तुम्हीच सांगता. आजच भरा. एका कोपऱ्यानं काय आभाळ कोसळणार आहे?"

मामांनी भरला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन महिन्यांनी कळलं की तलावाचं पाणी रोज दोन बोटं उतरतंय. पाइप तपासले, पंप उघडला, बागेतली जमीन खणली. मी मामांना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इंजिनीअरसमोर उभे.

"माझा सांधा आहे. दुपारी भरलेला."

"मामा, कशाला ओढवून घेताय?" मुकादम कुजबुजला. "पाइपचंच निघेल बघा."

"पाइपचं नाही."

तिथल्या पोहायला शिकवणाऱ्या बाई पाण्यात उतरल्या आणि त्यांनी त्या कोपऱ्याजवळ पिचकारीनं थोडा लाल रंग सोडला. सुईत दोरा जावा तसा तो सरळ फटीत शिरला.

इंजिनीअर म्हणाला, आत्ता तलाव रिकामा करता येणार नाही. जमिनीतलं पाणी चढलंय, वरचं वजन काढलं तर तळ उचलला जाईल. पाण्यातही धरणारं सीलंट मिळतं, ते लावून बघू. नाहीतर चार महिन्यांनी दुसरी टोळी येईल आणि सांधा उकरून नव्यानं भरेल.

बत्तीस वर्षांत मामांचा एकही सांधा दुसऱ्या कुणी उकरला नव्हता. त्या संध्याकाळी ते चहा न पिता घरी गेले.

आधी एक पाणबुड्या आणला. माणूस दमदार होता, अर्धा तास खाली राहिला. वर येऊन म्हणाला, झालं. दुसऱ्या दिवशी रंग सोडला तर तो पुन्हा आत. मामा काठावर ओणवे झाले, बराच वेळ बघत राहिले.

"वरून थापलंय. आत गेलंच नाही," ते म्हणाले. मग त्या बाईंकडे वळले. "मला शिकवा."

बाई मामांच्या मुलीहून लहान. त्यांनी मामांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काका, वय किती?"

"सत्तावन्न."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग काय येतं?"

"श्वास धरता येतो. रेघ ओढताना धरतोच."

शिकायला सहा आठवडे लागले. पहिला आठवडा नुसतं तोंड पाण्यात घालणं. घरी बादलीत डोकं बुडवून सराव, शेजारी मामी पाटावर बसून आकडे मोजायच्या. "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... अहो, आहात ना?" मला म्हणाल्या, "दोन तांब्यांत आंघोळ उरकणारा माणूस हा. आता रोज तासभर भिजून येतो. म्हटलं, साबण तरी घेऊन जा."

मधल्या वेळात मामांनी तीन फळ्या ठोकून तसाच कोपरा घरी बनवला. तांब्याची बारीक नळी दोन ठिकाणी वाकवली. एक वाक पायरीखाली शिरायला, दुसरा तिन्ही बाजूंना सारखं तिरपं टेकायला. मग डोळे मिटून त्या फळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा भरायचे, उकरायचे, पुन्हा भरायचे. पाण्यात डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

प्रत्यक्ष सांधा भरायच्या दिवशी मी काठावर पाय पाण्यात सोडून बसलो, गन द्यायला-घ्यायला. मामा वर तरंगू नयेत म्हणून बाई खाली त्यांचे घोटे धरणार होत्या. मामांनी माझ्याकडून खरवडायची पट्टी घेतली, श्वास भरला आणि गेले.

वरून सगळं संथ दिसत होतं. मामांचा सदरा पाण्यानं फुगला होता. पांढरे केस गवतासारखे एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळत होते. छपरातलं ऊन तळावर जाळीसारखं हलत होतं, आणि त्या जाळीत एक म्हातारा माणूस उताणा पडून पायरीखाली हात घालून होता. मला वाटलं तो झोपेत काम करतोय. मीही श्वास धरला होता, ते मला ठसका लागल्यावर कळलं.

पहिल्या चार बुड्या जुनं खरवडण्यात गेल्या. चौथ्यांदा वर आले तेव्हा चेहरा वेगळाच. "खाली आवाजच नाही रे," म्हणाले. धाप ओसरेपर्यंत काठ धरून राहिले. "आणि फरश्या मोठ्या दिसतात. तुझी एक वाकडी आहे."

"कुठली?"

तोवर गन घेऊन ते पुन्हा खाली गेले होते.

भरायला सहा बुड्या. प्रत्येक बुडीत वीतभरसुद्धा नाही. मागची रेघ संपली तिथेच नळी टेकवायची, मध्ये पाणी अडकू द्यायचं नाही. गनचा घोडा मामा इतका हळू दाबत होते की वरून हात थांबलेला वाटायचा. अकरावी बुडी चमच्याची. त्यातून वर आल्यावर त्यांना काठावर चढता येईना. मी आणि बाईंनी मिळून ओढून घेतलं. ओठ निळे पडले होते आणि चमचा मुठीतून सुटत नव्हता.

तीन दिवसांनी पुन्हा रंग सोडला. बाईंनी पिचकारी कोपऱ्याला अगदी टेकवली होती. रंग बाहेर आला आणि तिथेच राहिला. एक लहान लाल ढग, पायरीखाली, कुठेच न जाणारा. मग तो सावकाश वर यायला लागला, गुलाबी झाला, फिका होत होत पाण्यात विरला.  मामा पाण्याकडे बघत होते, पोर झोपल्यावर बघतात तसे.

आठवडाभर पाण्याची खूण पाहिली. हवेत उडतं तेवढंच उतरलं.

मजुरी घ्यायला मामा तयार नव्हते, सांधा माझाच होता म्हणाले. इंजिनीअरनं ऐकलं नाही. पाण्यातलं काम म्हणून दुप्पट लावली आणि मुकादमाला पाकीट त्यांच्या खिशात घालायला लावलं. मामा फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि परत येऊन तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहिले. तलावाचे वर्षाचे दोन पास काढले, एक आपला, एक मामींचा. मामींना न विचारता. मामी दोन दिवस तणतणल्या, या वयात मला बुडवायला निघालेत म्हणून. तिसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात गेल्या, आणि उरलेल्या पैशांत त्यांचा पोहण्याचा पोशाख आला. पूर्ण बाह्यांचा, गर्द हिरवा.