दोन माठांचा स्टिरिओ

बायकोचं गाणं रेडिओवर लागणार असं पत्र आलं, त्या दिवशी तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नीट बसून ऐका. बाकी मले काही नको." मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेआठला, सुगम संगीत, पंधरा मिनिटं, गाणी तीन. रेकॉर्डिंग आधीच होणार होतं, म्हणजे त्या वेळी ती घरीच असणार होती.

असं काही मागावं लागलं यातच माझं सगळं चरित्र आलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मी तिचं एकही गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. उमरेडला माहेरी ती एका मास्तरांकडे आठ वर्षं शिकली. वडील विणकर, घरात हातमाग, आणि मागाच्या खटखटीत ही पेटी घेऊन बसायची. आमच्या नागपूरच्या घरी ती मी ऑफिसात गेल्यावर रियाज करायची. सुटीच्या दिवशी चुकून पेटी उघडलीच तर मी म्हणायचो, जरा हळू, मी बातम्या ऐकून राहिलो. आणि वर मी स्वतःला संगीताचा शौकीन समजायचो. लाज वाटते आता सांगताना.

माझा शौक खरा म्हणजे यंत्रांचा. ऐंशीच्या दशकाची नुकती सुरुवात होती. सीताबर्डीवरच्या एका दुकानात काचेमागे परदेशी स्टिरिओ ठेवलेला असे, आणि मी दर पगाराच्या दिवशी त्याचं दर्शन घेऊन, किंमत वाचून, पुढच्या दुकानातून संत्र्याची बर्फी घेऊन घरी येत असे. बर्फी परवडायची. तर पत्र आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायको रेडिओवर गाणार आणि आम्ही तिला त्या खरखरत्या डबड्यावर ऐकणार? छ्या. आपल्या बैठकीत थिएटरसारखा आवाज घुमला पाहिजे. तिनं माझी पंधरा मिनिटं मागितली होती, मी तिला वीस वॉट द्यायचं ठरवलं.

आमच्या ऑफिसात एक एक्स्पर्ट होता. त्यानं पोस्टानं धडे मागवून रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता, आणि त्याच्या घरचा रेडिओ तेव्हापासून बंद होता. पण बोलण्यात असा पटाईत, की समोरचा गप्पच होई. तो म्हणाला, ॲम्प्लिफायर मी जोडून देतो, स्पीकरचे नुसते कोन, म्हणजे आतले कागदी भोंगे, बाजारातून घेऊ, आणि लाकडी खोक्यावर पैसा घालवायचा नाही. खोक्याऐवजी माठ. आवाज गोल असतो, तर त्याचं घरही गोलच पाहिजे. हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, तेव्हा गावात दोनतीन जणांकडे असे माठ होते आणि ते वाजायचेही चांगले. पण त्यांनी ते हिवाळ्यात, शांत डोक्यानं केले होते.

मी उन्हाळ्यात माठ आणायला गेलो. गिऱ्हाईक माठ टिचकी मारून बघतं, तडा आहे की नाही एवढंच त्याला पाहायचं असतं. मी प्रत्येक माठाच्या तोंडात डोकं घालून आत "हॅलो" म्हणून राहिलो होतो. कुंभारीण बराच वेळ बघत होती. शेवटी मी म्हणालो, मला न झिरपणारे दोन पाहिजेत. ती म्हणाली, झिरपला नाही तर पाणी थंड कसं होईन गा भाऊ? मी म्हणालो, पाणी भरायचंच नाही, यात आवाज भरायचा आहे. त्यावर तिनं शेजारच्या बाईकडे पाहिलं, आणि मी बोललो त्या भावात, घासाघीस न करता, दोन माठ देऊन टाकले. मला वाटलं, माझा व्यवहार जमला. आज वाटतं, तिला मी लवकर जायला पाहिजे होतो.

घरी येऊन मी बैठकीचा नकाशा काढला. मी ड्राफ्ट्समन, पाटबंधाऱ्यांचे नकाशे काढणारा माणूस. ट्रेसिंग पेपरवर, इंडियन इंकनं, पंचवीसास एक प्रमाणात. डावीकडे एक माठ, उजवीकडे एक माठ, आणि दोघांपासून सारख्या अंतरावर एक खुर्ची. एक्स्पर्टच्या मते खरा आवाज फक्त त्या खुर्चीतच येतो, बाकीच्या खोलीत नुसती गर्दी. त्या खुर्चीवर मी फुली मारली आणि खाली लिहिलं, "श्रोता". श्रोता अर्थातच मी. बाकी मंडळींसाठी सतरंजी. बायकोनं नकाशा उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"याच्यात मी कुठं आहे?"

मी सांगितलं की तुला पोह्यांचं पाहावं लागेल, माणसं येतील, तुझं आतबाहेर चालू राहील. आणि तुझं गाणं तुला ठाऊकच आहे. तिनं कागदाची घडी अगदी नीट, कडेला कड लावून घातली आणि माझ्या हातात दिली.

मग पुढचे पंधरा दिवस घरात नुसता धुडगूस. पिंजाऱ्याकडून कापूस आणून माठात कोंबला. कुठं फट राहिली तर ती बुजवायला काचा बसवायची लांबी. तारेसाठी माठाच्या बुडाशी भोक पाडायचं होतं, ते मी हातानं फिरवायच्या गिरमिटानं पाडत होतो. पहिला माठ शहाण्यासारखा बसला. दुसरा, शुक्रवारी संध्याकाळी, माझ्या मांडीवर दोन तुकडे होऊन पडला. रविवारी कार्यक्रम. एक्स्पर्टनं घरात इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर तिवईवरच्या पिण्याच्या पाण्याच्या माठावर गेली. माझीही गेली.

आता हा माठ साधा नव्हता. आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नव्या माठात पाणी भरून आधी पितरांच्या नावानं ठेवतात आणि मग घरची माणसं ते पितात. सासऱ्यांनी तो उमरेडहून एसटीत मांडीवर धरून आणला होता. मी तो रिकामा केला तेव्हा बायको दारात आली. "पित्रांचं पाणी ज्याच्यात भरलं, त्याले भोक पाडून राहिले तुम्ही?" मी म्हणालो, तुझ्या गाण्यासाठीच तर चाललं आहे हे सगळं. एवढं म्हटल्यावर तिला बोलायला काही उरलं नाही, आणि मला तेच पाहिजे होतं. दोन दिवस नागपूरच्या मे महिन्यात आम्ही बादलीतलं कोमट पाणी प्यायलो.

पण महिनाभर पाणी पिऊन बसलेला माठ एका दिवसात वाळत नाही, हे दोघा विद्वानांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. स्पीकरचा कोन कागदाचा. शनिवारी आम्ही तो ओलसर माठावर बसवला, कडेनं लांबी थापली आणि बाजारभावांच्या कार्यक्रमावर चाचणी घेतली. तुरीचे भाव आख्ख्या गल्लीला कळले. शेजारी विचारायला आला की तुम्ही धंदा सुरू केला काय. मी त्याला नम्रपणे सांगितलं की हा स्टिरिओ आहे.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं सासरे आले. धोतर, नवी टोपी, हातात लेकीसाठी एक नऊवारी पातळ, स्वतः विणलेलं. त्यांनी माठांभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, जवाई, दोन्हीतून एकच आवाज येते का वेगळा? मी म्हणालो, रेडिओवरून एकच येतो. "मंग दोन काहून?" मी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. विणकर माणूस, याला काय समजणार, असं वाटलं मला. पण विचारत होते ते बरोबरच. रेडिओ एकाच कानाचा, आणि आम्ही त्याला दोन तोंडं लावून त्याचं नाव स्टिरिओ ठेवलं होतं.

साडेआठला बैठक भरली. शेजारची चार घरं, एक्स्पर्ट, पोहे आणि वर लालभडक तर्री. सासरे सतरंजीवर दाराशी बसले. मधोमध माझी खुर्ची. बायको नवं पातळ नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. निवेदिकेनं तिचं नाव घेतलं. मी तिच्याकडे पाहून हसलो आणि खुर्चीत बसलो. पेटीचे सूर आले. आणि मला जाणवलं, डावीकडून कमी येत आहे.

मी उठलो. वाकून डाव्या माठाला कान लावला. कोन ओला होऊन सैल पडला होता, आवाज फाटत होता. एक्स्पर्टला खूण केली. तो ॲम्प्लिफायरपाशी गेला, मी डावीकडे. त्यानं बटण फिरवलं की मी बोटानं "अजून" म्हणायचो. मग उजवीकडचा जास्त झाला. मग मी उजवीकडे. मग दोन्ही ठीक झाले तर मागून घूं असा आवाज. मी गुडघ्यांवर बसून तारा हलवल्या. घामानं निथळत होतो. एकदा मान वर केली तेव्हा सासऱ्यांचे डोळे मिटलेले होते आणि पाणी गालावरून खाली येत होतं. मला वाटलं, चला, उजवीकडचा चांगला पोचतो आहे. दारातली बायको माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती. मी तिला हातानं खूण केली, आत्ता होते, आत्ता होते.

बरोबर दोन्हीकडचा आवाज सारखा झाला आणि निवेदिका म्हणाली, आता ऐकू या शेतकरी बांधवांसाठी कार्यक्रम.

माणसं उठली. सगळ्यांनी बायकोला भरभरून सांगितलं. शेजारीण म्हणाली, तिसऱ्या गाण्याला अंगावर काटा आला वं बाई. सासरे लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. एक्स्पर्टनं माझ्याशी हात मिळवला. मीही खूश होतो, हो, खरंच खूश होतो. लढाई जिंकल्यासारखा हाश्शहुश्श करत मी त्या खुर्चीत बसलो तेव्हा ती पाण्याचा पेला घेऊन आली.

"कसं झालं?"

मी एका दमात पाणी प्यालो आणि म्हणालो, "सुरुवातीला डावीकडून कमी येऊन राहिलं होतं. पण शेवटी जमवलं."

तिनं रिकामा पेला घेतला. मग विचारलं, "दुसरं कोणतं होतं?"

दुसरं गाणं. मला शब्द सोडा, चालही आठवेना. मी एक्स्पर्टकडे पाहिलं. तो वायरी गुंडाळत होता. मी म्हणालो, सगळीच चांगली झाली. ती "हो" म्हणाली आणि आत गेली. त्या वेळी मला फक्त एवढं वाटलं की एवढी मेहनत केली, हिला त्याचं काही नाही. असा भैताड माणूस मी.

रविवार उलटल्यावर कळलं, की मी एकही गाणं ऐकलं नव्हतं. कोणी सांगितलं नाही, आपोआप कळलं, आणि मग फार वाईट वाटलं. मी तिला म्हणालो, बस, पेटी काढ, मी इथंच बसतो, हलत नाही. त्या कार्यक्रमाची टेप आमच्याकडे नव्हती, तो पुन्हा लागलाही नाही, आणि पुढं दोन मुलांच्या मागे तिचं रेडिओवर जाणं राहूनच गेलं. मी मात्र ते दुसरं गाणं मागत राहिलो. दिवाळीच्या पाडव्याला मागितलं, तिच्या वाढदिवसाला मागितलं, रिटायर झालो त्या दिवशी मागितलं. ती कधी रागावली नाही. बाकीची गाणी म्हणते, नातवंडांना शिकवते. पण त्या दिवशीचं ते दुसरं गाणं म्हण म्हटलं की माझ्याकडे अगदी साधेपणानं पाहते आणि म्हणते, "लागलं होतं ना रेडिओवर. तुम्ही होते की घरीच."