कंपायलरला विचारलेली उलटेवाडी

जुन्नर-आंबेगावकडच्या पोरानं लिहिलंय म्हणल्यावर तुमी तयारीतच बसला असाल. आता बिबट्या येईल, नायतर द्राक्षाची बाग, नायतर एखादा गड. बिबट्याला आज सुट्टी दिली. आज कंपायलरच्या वॉर्निंग हायेत. पान उलटायचं तर उलटा राव, मी काय रस्ता अडवून बसलो नाय. थांबलात तर एका बाईची खुर्ची कशी जाता जाता ऱ्हायली ते कळंल, आन त्यापायी मी कुणाकुणाचं ऐकलं नाय तेबी.

मंचरला स्टँडच्या मागं एका गाळ्यात आमचं ऑफिस. सर मालक, मी नोकर, आन एक टेबल फॅन. गावोगावच्या दूध केंद्रांचा प्रोग्रॅम सरांनी लिहिलेला. काट्यावरनं वजन घ्यायचं, फॅट मशीनवरनं फॅट घ्यायचं, दोन्ही पावतीवर छापायचं. काम एवढंच, पण दर केंद्रावर कॉम्प्युटर वेगळा. पेठ गावाला कुणीतरी वापरून टाकलेला म्हातारा डेस्कटॉप, घाटावर आणे गावाला टिफिनएवढा डबा, आणखी कुठं चेअरमनच्या पोराचा जुना लॅपटॉप. एकीकडं बनवलेला प्रोग्रॅम दुसरीकडं चालंल याचा भरवसा नाय. म्हणून आमी मूळ कोडच घेऊन जायचो आन तिथल्या मशीनवरच्या कंपायलरकडनं प्रोग्रॅम बनवून घ्यायचो. लग्नाचा आचारी कसा ज्याच्या त्याच्या दारात चूल मांडतो, तसं. माणसानं लिहिलेलं मशीनला पचंल असं करून देणारा, तो कंपायलर.

या आचाऱ्याचा एक गुण हाये. कोडमंदी कायतरी संशयाचं दिसलं तर तो काम करतोच, पण वर सांगतोबी, की भाऊ, इथं घोळ वाटतोय. ती वॉर्निंग. कुठकुठल्या घोळाबद्दल तोंड उघडायचं ते आपण त्याला आधी सांगायचं, ते फ्लॅग. आन आमच्या सरांनी एकच फ्लॅग लावलेला. काय बोलू नको.

त्याला कारण व्हतं. पहिल्यांदा सरांनी फ्लॅगची चांगली रांग लावली व्हती. त्यातला एक नवा फ्लॅग पेठच्या म्हाताऱ्या कंपायलरनं कधी ऐकला नव्हता. "हे आपल्याला ठाऊक नाय," म्हणला आन हात वर करून बसला. प्रोग्रॅम बनलाच नाय. सकाळचं दूध कॅनमंदी तसंच, रांग रस्त्यापर्यंत. लोकांनी सरांना फोनवर काय काय ऐकवलं ते लिहीत नाय, कधी भेटलात तर आवाज काढून दाखवतो. तवापासनं सरांचा नियम. "कस्टमरपुढे वॉर्निंग दिसता कामा नये. शांत प्रोग्रॅम म्हणजे चांगला प्रोग्रॅम." सर पुण्यात शिकलेले, 'पुढे' म्हणताना तोंड पूर्ण उघडत्यात.

मला ते पटायचं नाय. वर्गातबी मास्तर म्हणायचे, गप बसलेला वर्ग हुशार. मी त्या वर्गात बसलेलो हाये. आमी गप बसायचो कारण कुणालाच काय कळलेलं नसायचं.

"सर," मी एकदा म्हणलो, "प्रत्येक कंपायलरला आधी विचारू की. एक रिकामी फाईल द्यायची आन एकेक फ्लॅग लावून बघायचा. हा येतो का तुला? येतो म्हणला की ठेवायचा, नाय म्हणला की सोडायचा. सगळं आपोआप. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याच्या झेपंल एवढं, तरण्याला तरण्याच्या."

"आणि त्याने दूध जास्त निघणार आहे का?"

"नाय, पण चूक निघंल."

"कुणाच्या कोडमध्ये?"

इथं शहाण्या माणसानं गप बसायचं असतं. "तुमच्याच की. माझं कुठं हाये त्यात काय?"

सर म्हणले, "तू वायरी जोड."

मी वायरी जोडल्या. आन घरी बसून ते विचारायचं स्क्रिप्टबी लिहिलं. नको म्हणल्यावर मला जास्त सुचतं, त्याला मी काय करू? पेठला काट्याची वायर बदलायला गेलो तवा हळूच म्हाताऱ्यावर चालवून बघितलं. म्हातारा लई सरळ. "हा येतो. हा येतो. हा कुठला रं? नाय येत. पुढचा सांग." एकच खोड. 'अमुक घोळ सांगू नको' असं विचारलं की तो कायबी न ऐकता मान डोलवायचा, सांगायचंच नाय तर त्याचं काय जातंय? म्हणून मी कायम 'सांग' असंच विचारायला लागलो. बाकी काम चोख. मी जाम खूष.

तेवढ्यात आण्याला बोंब उठली.

आण्याच्या केंद्रावर एक वहिनी बसायच्या. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणायचं म्हणून मीबी. रोज आळेफाट्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, मंग ती खुर्ची मिळाली. तर मधूनमधून म्हशीच्या दुधाला गाईचं फॅट लागायला लागलं, आन गाईच्या दुधाला म्हशीचं. फॅट जास्त तर दर जास्त, म्हणून गाईवाले काय बोलंनात, ते कशाला बोलतील? म्हशीवाले म्हणायला लागले, वहिनी बोटं घालत्यात, आपल्या भावकीला वाढवून देत्यात. चेअरमननी सांगितलं, रविवारच्या मीटिंगला केंद्राची चावी टेबलावर ठेवायची. नुसती नोकरी गेली असती तर एक वेळ चाललं असतं. हितं चोर म्हणून जाणार व्हती, आन त्याच गावात ऱ्हायचं व्हतं.

शनिवारी सरांनी मला धाडलं. "फॅट मशीनची वायर बदल आणि ये. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही."

"बरं सर," म्हणलो. बरं म्हणायला काय लागतंय?

घाट चढून आण्याला पोचलो तवा दुपार. सकाळचं दूध गेलेलं, संध्याकाळच्याला वेळ. वहिनी अर्धं शटर ओढून फरशी धुत व्हत्या.

"वायर बदलून थांबंल का रं हे?" त्यांनी विचारलं.

"सर म्हणत्यात थांबंल."

"आन तू?"

"मी म्हणतो प्रोग्रॅमलाच विचारू. पण मला हात लावायला मनाई हाये."

वहिनींनी खराटा भिंतीला लावला. "चावी उद्यापर्यंत माझ्याकडं हाये. मी म्हणते लाव हात."

आता वहिनींचं ऐकायचं का सरांचं? वहिनी समोर व्हत्या.

पेन ड्राइव्ह लावला, स्क्रिप्ट चालवलं. त्या टिफिनएवढ्या डब्यात दुसऱ्याच कंपनीचा कंपायलर. एकेक फ्लॅग विचारला. हा येतो का? येतो. हा? येतो. पेठच्या म्हाताऱ्याचे खास जुने फ्लॅग, तेबी येतो. मी म्हणलो, काय पोरगं हाये राव, सगळंच येतं! सगळे फ्लॅग लावून खरा प्रोग्रॅम बनवायला घेतला आन स्क्रीनवर रांगच लागली. हा फ्लॅग काय ते माहीत नाय. तो फ्लॅग काय ते माहीत नाय. दर फाईलला तीच कटकट, वरनं खाली वाहत चाललेली. त्यात एखादी कामाची वॉर्निंग असली तरी गर्दीत हरवली.

"हे काय सांगतंय?" वहिनी.

"आधी येतो म्हणला, आता म्हणतोय ठाऊक नाय."

"माणसावानीच हाये की."

एवढं ऐकलं आन मला उलटेवाडी आठवली. आमच्याकडं वाट विचारली की 'ठाऊक नाय' कुणी म्हणत नाय. पावण्याला मोकळं धाडणं वाईट दिसतं. मंग ठाऊक असू नायतर नसू, हात दाखवायचाच. कॉलेजात असताना आमी पोरं फाट्यावर उभं ऱ्हाऊन नसलेल्या गावाचा पत्ता विचारायचो. मी मुंबईच्या पावण्याचा आवाज काढायचो, "काका, उलटेवाडीला कसं जायचं हो?" एक बाबा म्हणले, "सरळ जा, वढ्याच्या अलीकडनं उजव्या हाताला. पण आता कशी जाणार, यष्टी तर आत्ताच गेली." वर चहाबी पाजला बाबांनी. माणूस वाईट नसतो. पण त्या बाबांना तुमी खऱ्या गावाचा पत्ता विचारला तर त्याच्यावर किती इसंबायचं, ते तुमच्या ध्यानात आलं असंल.

मी कंपायलरला नसलेला फ्लॅग विचारला. नावच दिलं उलटेवाडी. हा येतो का रं तुला?

येतो, म्हणला.

मी एवढ्या मोठ्यानं हसलो का वहिनी दचकल्या. यष्टी गेली एवढं म्हणायचंच काय ते ऱ्हायलं व्हतं! म्हणजे हा गडी कुरकुर करतो पण शेवटी 'हो' म्हणतो, आन माझं स्क्रिप्ट फक्त शेवटचं 'हो' ऐकत व्हतं. मंग मी स्क्रिप्टमंदी आधी उलटेवाडी विचारायची सोय केली. उलटेवाडीला नाय म्हणला तर माणूस सरळ, पुढचं तसंच विचारायचं. हो म्हणला तर त्याला दम द्यायचा, की तुझी बारीक कुरकुरबी मी चूकच धरणार. दम फक्त विचारतानाच बरं का. खरं काम करताना दम दिला तर एखाद्या नव्या कंपायलरच्या नव्या कुरकुरीवर पुन्हा दूध अडायचं, पेठसारखं.

परत चालवलं. आता गडी खरं बोलायला लागला. हा येतो, हा नाय, हा नाय, हा येतो. जे येतात तेवढेच ठेवून प्रोग्रॅम बनवला. कटकट गेली. सरांच्या कोडच्या वॉर्निंग ऱ्हायल्या, आन त्या थोड्या नव्हत्या. वाचत वाचत एका ओळीवर आलो. कंपायलर म्हणत व्हता, फॅटच्या या खणात काय ठेवायच्या आधीच तू तो वाचतोयस.

मी वहिनींना सांगितलं, "फॅट मशीनकडनं आकडा आला तर खणात ठेवतो. नाय आला तर कायच ठेवत नाय. पण पावती छापताना तोच खण वाचतो."

"मंग खणात काय असतं?"

"मागचं ऱ्हायलेलं."

वहिनी खाली बसल्या. ओल्या फरशीवरच. "म्हंजी मागच्याचं फॅट पुढच्याला?"

"वायर ढिली झाली की आकडा येत नाय. आकडा आला नाय की मागच्याचा."

म्हणजे सरांची वायर अर्धी बरोबर व्हती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाय, आन सांगणारबी नाय.

दोन ओळी दुरुस्त केल्या. संध्याकाळच्या दुधाला रांग लागली, चेअरमनबी कॅन घेऊन आले. मी मुद्दाम आधी जुना प्रोग्रॅम चालू केला. चेअरमनच्या म्हशीचं दूध लावलं, फॅट आलं. मंग वायर उपटली आन बाटलीतलं प्यायचं पाणी लावलं. पावती निघाली. पाण्याला चेअरमनच्या म्हशीचं फॅट.

ती पावती रांगेत हातोहात फिरली. मंग नवा प्रोग्रॅम लावला, तेच पाणी, तीच उपटलेली वायर. स्क्रीनवर आलं, 'फॅट मिळाले नाही, पुन्हा लावा.'

"मंजी मशीन बिघाडलंय व्हय?" चेअरमननी विचारलं.

"मशीन नाय. आमचा प्रोग्रॅम. आमच्या सरांनी लिहिलेला. वहिनींनी कुठंच बोट घातलं नाय."

एवढ्यावर थांबायचं व्हतं म्हणत्यात लोकं. पण त्या बाईला सगळ्यांदेखत चोर म्हणलं असंल तर तो शब्द सगळ्यांदेखतच परत घ्यायला पायजे का नको? मी कमरेवर हात ठेवले, पोट पुढं काढलं आन चेअरमनच्या आवाजात म्हणलो, "काय वहिनी, पाण्यालाबी फॅट लावता व्हय तुमी? पाणी तुमच्या भावकीतलं का?"

रांग अशी फुटली की कुणाचा तरी कॅन आडवा झाला. चेअरमन लाल. पण माणूस म्हणला, सगळ्यांपुढं म्हणला, "चावी वहिनीकडंच ऱ्हाईल." आन पावती न घेताच गेला.

सरांचा फोन मी गाडीला चावी लावेपर्यंत आला. चेअरमननी कळवलं व्हतं. "माझा प्रोग्रॅम आहे असं कुणी सांगायला लावलं तुला? वॉर्निंग चालू कशा ठेवल्यास? परवानगी कुणाची घेतलीस?" "वहिनींची," म्हणलो. फोन कट झाला. ते मी धरूनच चाललो व्हतो.

मागं बघितलं तर वहिनी शटरपाशी उभ्या. मला वाटलं आता चहा म्हणतील.

"हसवायला तुला कुणी सांगितलं व्हतं रं?"

"म्हंजी?"

"पाणी दाखवलंस तितंच सगळ्यांना कळलं व्हतं. मान खाली गेली व्हती चेअरमनची. उद्या सकाळी स्वतः येऊन बोलले असते माझ्याशी. आता येतील का? तू मारशील किक आन जाशील मंचरला. मला रोज दोन्ही टायमाला त्याच माणसाचं दूध मापायचंय, त्याच्याच तोंडाकडं बघून."

"पण वहिनी, ते तुमाला चोर म्हणले व्हते."

"मला म्हणले व्हते. तुला नाय. माझं भांडण व्हतं ते, तू त्याचा तमाशा केलास. आन दात काय काढतोस? मी काय गमतीनं बोलत नाय. जा, अंधार पडायच्या आत घाट उतर."