पदर राहिलेलं लुगडं

आमच्या वडगावात आता हातमाग शोधून सापडत नाही. घरोघरी यंत्रमागांचा खडखडाट असतो आणि त्यावरच आमचंही पोट चालायचं. तरी यांनी आतल्या खोलीत वडिलांचा एक हातमाग जपून ठेवला होता. वर्षभर त्यावर धूळ साचायची. माघ सरला की हे तो पुसायचे, उभ्या धाग्यांचा ताणा चढवायचे आणि खानापूरकडच्या रानातल्या आमच्या देवीसाठी एक हिरवं लुगडं विणायचे. चैत्रातल्या जत्रेत देवीला तेच नेसवत. त्या लुगड्याचा नेम एकच. ज्या हाताने आडव्या धाग्याचा पहिला धोटा टाकला, त्याच हाताने शेवटचा टाकायचा. मध्ये दुसरा हात लागायचा नाही, सख्ख्या भावाचाही नाही.

यंदा ताणा चढवला आणि यांचं पोटाचं दुखणं उघडं पडलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मी घरात कुणाला बोलले नाही, पण यांना ते कळलं असावं. भिंतीला उशी लावून हे मागावर बसायचे. चार धोटे टाकले की धाप लागायची. मी रागवायचे. देवीच्या कपाटात लुगड्यांची चळत असेल, यंदा एक कमी पडलं तर ती काय उघडी राहणार आहे, असंही एकदा बोलून गेले. हे नुसते हसले. मला मात्र खरोखरच देवीचा राग आला होता. माणूस झिजत चाललाय आणि ही लुगड्याची वाट बघत बसलीय, असं वाटायचं.

काठ झाले, अंग झालं. पदर विणायचा राहिला आणि यांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी एकच बोलणं असायचं.

"पदर तेवढा ऱ्हायला गं. देवीला काय सांगू?"

"आदी बरं व्हा, मग इणा की," मी म्हणायचे. ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

एका सकाळी शेजारचे माग सुरू झाले, आणि त्या आवाजातच हे गेले. आयुष्यभर लुगडी विणणारा माणूस, आणि जाताना अंगावर काय, तर दुकानातून घाईघाईने आणलेलं पांढरं कापड. ते कापड माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या हातून त्यांच्यावर काहीच पांघरलं गेलं नाही, ही खंत मला जाळत होती. रडूही येत नव्हतं.

सुतक फिटलं तरी माग तसाच होता. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्या मागापाशी बसून म्हणायच्या, "त्येचा जीव हितंच अडकलाय बघ. देवीचं काम अर्धं टाकून गेलाय पोरगा." धाकट्या दिरांना ते बघवेना. ते म्हणाले, "वैनी, मी इणतो की पदर. कुणाला कळतंय?"

"देवीला कळंल," आत्ती म्हणाल्या, आणि विषय संपला.

शेवटी मीच कात्री घेतली. विणलेल्याच्या पुढे हातभर ताणा सोडून तो कापला. एवढं कठीण काम मी आजवर केलं नव्हतं. जत्रेच्या गर्दीत, ओट्या घेऊन आलेल्या बायकांत जायचा धीर नव्हता, म्हणून जत्रेच्या आधीच एकटी निघाले. लुगडं दारात ठेवायचं, यांना मोकळं कर म्हणायचं आणि परत फिरायचं, एवढंच मनात होतं. घेते की नाही, ते तिचं तिने बघावं.

देऊळ कदंब राजांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, बुटकं. मूर्ती घडवायची अपुरी राहिली आहे, असं बाहेरच्या कन्नड फलकावर लिहिलंय. एवढ्या वर्षांत मी ते कधी वाचलं नव्हतं. आम्ही यायचो जत्रेत, फुलांतून देवीचा मुखवटा तेवढा दिसायचा. त्या दिवशी गाभाऱ्याचा पडदा धुवायला काढला होता आणि गुरव देवीला न्हाऊ घालत होते. नुसती दगडी मूर्ती मी पहिल्यांदाच पाहिली. दगडी लुगड्याच्या निऱ्या बोटाने मोजाव्यात इतक्या नीट. ते लुगडं खांद्यापर्यंत आलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं, खडबडीत दगड. पदरच नव्हता.

खांबाला टेकून एक म्हातारी शेवंती निवडत होती. पलीकडच्या गावची, मूळची कन्नड, पण मराठीही येणारी. माझी नजर तिने हेरली.

"पदर हुडकतीस व्हय, यव्वा? सायबांनी लिवलंय, अपुरी हाय म्हणून. न्हाय, अपुरी न्हाय. लई जुनी गोष्ट. एक जोडपं ह्या वाटंनं चाललंतं. नवऱ्यानं झाडाखालीच जीव सोडला. बायकूकडं त्येच्यावर घालाय चिंधी न्हाय. तवा ही द्येवी देवळातनं बाहीर आली, आपला पदर फाडला आन् त्येच्या अंगावर घातला. तवापास्नं हिला पदर न्हाय."

एवढं बोलून ती पुन्हा शेवंतीकडे वळली. लुगड्याची पिशवी अजून माझ्या काखेत होती, बंदच. मी कोण, कशाला आले, तिला काही ठाऊक नव्हतं.

मी लुगडं काढून गुरवांपुढे धरलं. त्यांनी सुटे धागे पाहिले, मग माझं कपाळ पाहिलं.

"दरसाल धनी आणायचे..."

मी मान हलवली. त्यांनी लुगडं हातात घेतलं. देवीला ते नेसवलं. ते खांद्यावर आलं आणि दगडातलं लुगडं जिथे थांबतं, तिथेच विणकाम संपलं. पुढे नुसते हिरवे धागे लोंबत राहिले. योगायोग असेल. मला त्याचा हिशोब मांडायचा नाही. हे गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं, ते त्या उंबऱ्यावर आलं. म्हातारीने फुलं बाजूला ठेवली आणि मी थांबेपर्यंत ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

घरी आले तेव्हा आत्ती दारातच होत्या.

"घेतलं व्हय गं देवीनं?"

"घेतलं, आत्ती."

"आन् पदर?"

मी त्यांना गोष्ट सांगितली. त्या आत गेल्या आणि मागावर उरलेले धागे सोडवू लागल्या.

दुःख आहे तिथेच आहे, ते कुणी उचलून नेलं नाही. पण मागणं, भांडणं, जाब विचारणं माझ्याकडून सुटलं. आता देवीपुढे फक्त हात जोडते. ते दुकानातलं पांढरं कापड अजूनही डोळ्यांपुढे येतं. पण आता मी ते पुरतं पाहते. त्या कापडाच्या वर देवीचा हिरवा पदर होता. घालणारीने तो केव्हाच घातला होता, मलाच दिसला नव्हता.