पहिल्या शनिवारची गोष्ट

एझ्राकाकांची मी एकदा भर कार्यक्रमात नक्कल केली. ते माझ्या मागे हातभर अंतरावर पेटी वाजवत बसले होते आणि समोरची माणसं पोट धरून हसत होती. काकांविषयी चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते आधी लिहून हे शेवटी कुठेतरी उरकलं असतं, तर काकांनी लेख अर्ध्यातच सोडून वर्तमानपत्राची घडी घातली असती, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हे आधी.

ते गेल्याचं कळलं शनिवारी सकाळी. मुलुंडला आम्ही एकाच सोसायटीत राहतो, ते तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. रिव्काकाकू फोन न करता स्वतःच जिना उतरून आल्या. दाराशी उभं राहून म्हणाल्या, "सुहास, वर ये जरा. काका गेले." मी चपला शोधू लागलो तर म्हणाल्या, "राहू दे, असाच ये." पहाटे झोपेतच गेले होते. काका बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी यहूदी. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी दफन करत नाहीत. त्यामुळे काका आणखी एक दिवस घरातच राहणार होते आणि तोवर त्यांना एकटं ठेवायचं नव्हतं. ठाण्याची मंडळी संध्याकाळी येणार होती. "तोपर्यंत तू बस त्यांच्यापाशी," काकू म्हणाल्या. मी ख्रिस्ती, चालेल का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. काकू तोवर माझ्यासाठी खुर्ची सरकवून मोकळ्या झाल्या होत्या. कोपऱ्यात भरतकामाच्या कापडाखाली पेटी होती. दिवसभर मी एकदा काकांकडे, एकदा तिच्याकडे बघत बसलो...

ती पेटीच मला पहिल्यांदा त्यांच्या घरी घेऊन गेली होती. आमच्या चर्चचं एक कीर्तन मंडळ आहे. माझे आजोबा नगरकडून मुंबईत आले तेव्हा कीर्तनाची आवड बरोबर घेऊन आले. वडिलांनी ती चालवली आणि मग ती माझ्याकडे आली. दिवसा मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, सुट्टीच्या दिवशी झांजा घेऊन उभा राहतो. आमचा पेटीवाला बदली होऊन चेन्नईला गेला आणि मंडळाची पंचाईत झाली. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून पेटीचे सूर यायचे, म्हणून एक दिवस धीर करून वर गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"कीर्तन? ख्रिस्ताचं?"

"हो."

"मी यहूदी आहे, ठाऊक आहे ना?"

"हो काका."

"मग मला बाटवायचा विचार आहे की काय?"

"नाही हो. फक्त पेटी वाजवायची."

ते हसले. म्हणाले, "माझा बापपण कीर्तन करायचा. योसेफाचं आख्यान लावलं की बायका पदराने डोळे पुसायच्या. तुमच्याकडे रडतात का लोक?"

"झोपतात," मी म्हणालो.

"मग यायलाच पाहिजे."

त्यांच्या अटी दोनच होत्या. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी वाजवणार नाही, आणि लय ते ठरवतील. दुसऱ्या अटीवरून आमचे सरावात नेहमी खटके उडत. मी धावायचो, ते मागे खेचायचे. मी फारच हट्ट केला की भाता लावून, झाकण बंद करून, त्यावर दोन्ही तळवे ठेवून म्हणायचे, "मिटली पेटी." मग चहा होईपर्यंत ती उघडत नसे. मंडळातल्या सगळ्यांना हे पाठ झालं होतं. लहान मुलंसुद्धा अभ्यासाचं पुस्तक मिटताना तसे तळवे ठेवून "मिटली पेटी" म्हणायची, आणि काकांना ते आवडायचं.

एका वर्षी मी नवं आख्यान लिहायला घेतलं. ख्रिस्ताची शिकवण आधी यहूद्यांना कशी सांगितली गेली आणि तिथून ती इतर लोकांपर्यंत कशी पोचली, हा विषय. पौल नावाचा प्रचारक एका परक्या गावात जातो, ही त्यातली मुख्य कथा. सराव संपला की मी काकांना लिहिलेलं वाचून दाखवायचो. शास्त्र मला येतं असा माझा समज होता, पण त्या गोष्टीतली माणसं काकांना घरच्यासारखी ठाऊक होती.

"पौल त्या गावात पहिल्यांदा कुठे गेला, सांगा," मी वर्गात विचारतो तसं विचारलं.

"कुठे जाणार? मशिदीत." जुन्या माणसांसारखं काका सिनेगॉगला, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणत. "परगावचा यहूदी आणखी कुठे जाईल? तिथे गेलं की जेवण मिळतं, कोण कोणाचा कोण ते निघतं. शनिवार होता ना? शास्त्राचं वाचन झाल्यावर मशिदीच्या मुकादमाने त्याला निरोप पाठवला, पाव्हण्या, काही बोलायचं असेल तर बोल. हे घाल हां तू. ओळख ना पाळख, तरी उभं राहून बोलू दिलं."

"घालतो."

"आणि मागे कोण बसले होते?"

"ग्रीक वगैरे..."

"वगैरे काय? आमच्या देवाचं ऐकायला आलेले परके लोक होते ते. म्हणजे तुमचे ते पहिले बाहेरचे लोक पौलाला काय रस्त्यावर नाही भेटले. आमच्याच छपराखाली भेटले. आणि सगळं ऐकून लोक काय म्हणाले? पुढच्या शनिवारी परत ये, हेच परत सांग." काकांनी पाण्याचा घोट घेतला. "दुसऱ्या शनिवारी सगळा गाव लोटला, आणि मग भांडण झालं. कबूल. आम्ही भांडतो. माझ्या मशिदीत तर पंख्यावरून भांडतात. पण पहिला शनिवार गाळू नकोस. मला त्यातलं सगळं पटतं असं समजू नकोस, पटणारही नाही. पण गोष्ट आमच्या घरातून निघालेली आहे. नीट सांग."

मी पहिला शनिवार गाळला. कारण अगदी क्षुल्लक होतं. आख्यान लांबत होतं आणि पहिल्या शनिवारी काही घडत नव्हतं. कोणी बोलावतं, कोणी ऐकतं, कोणी पुन्हा या म्हणतं... यात रंग कुठून भरायचा? रंग भांडणात होता. काकांना म्हणालो, वेळेचं बंधन आहे. ते म्हणाले, "तुझं कीर्तन, तू बघ."

नाताळच्या आधी भांडुपला एका शाळेच्या मैदानात मेळावा होता. माणसं बरीच आली होती, पण आख्यान जमेना. मागच्या रांगा उठून चहाकडे निघाल्या, पुढच्या बाईने गोष्ट सोडून पोराला बिस्किटाचा पुडा फोडून दिला. कीर्तनकाराला समोरची माणसं हातातून सुटताना दिसतात, आणि तेव्हा तो कशालाही हात घालतो. मी दुसऱ्या शनिवारवर आलो होतो. यहूद्यांचे वडीलधारे पौलाला हाकलतात, तो प्रसंग. मी मान ताठ केली, हवेतल्या हवेत झाकण लावलं, त्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि काकांच्या कोकणी हेलात म्हणालो, "मिटली पेटी! जा आता तुझा तू."

आमच्या चर्चची माणसं खो खो हसली. बाकीच्यांना आधी कळेना, मग ही माणसं माझ्या मागे कोणाकडे बघतायत ते त्यांनी पाहिलं, आणि तेही हसले. उठलेले परत बसले. मी तेच आणखी दोनदा केलं. मग आवाज चढवून म्हणालो की असं यहूद्यांनी दार लावलं आणि म्हणून ती वार्ता तुमच्या-आमच्या दाराशी आली. टाळ्या पडल्या. त्या सगळ्या वेळात मागचा सूर एकदाही हलला नाही. मला हवी होती तीच पट्टी, तितकाच भाता. भैरवीपर्यंत काकांनी साथ दिली. मी मात्र मागे वळून पाहिलं नाही... कारण आपण काय केलं ते मला कळलं होतं.

परतताना रिक्षात पेटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. मुलुंड आलं तेव्हा काका म्हणाले, "शेवटच्या पदाला घाई केलीस." तेवढंच.

पुढच्या सरावाला मी बोलवायला गेलो, तर पेटी पुसून, कापडात बांधून दाराशी ठेवलेली. "घेऊन जा," ते म्हणाले. "मला नाय जमायचं आता. गुडघे धरतात." त्यानंतर काही वर्षं हेच चाललं. पेटी यायची, काका यायचे नाहीत. प्रत्येक वेळी ती द्यायच्या आधी स्वतः उघडून सूर तपासायचे, नवा वाजवणारा भाता जोरात मारतो अशी तक्रार करायचे, आणि कापडाची गाठ बांधून माझ्या हातात द्यायचे. बाकी कशात फरक पडला नाही. काकूंनी नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण केलं की वाटी खाली यायची, माझ्या मुलीच्या परीक्षेच्या दिवशी काका जिन्यात उभे असायचे. आणि मी? मी त्यांच्या गुडघ्यांवर विश्वास ठेवल्याचं नाटक करत राहिलो. इतकं की ओळखीच्या वैद्याकडून तेल आणून द्यायचो. काका बाटली घेऊन गंभीरपणे आभार मानायचे.

या वर्षी ते आठवडाभर इस्पितळात होते. बरे होऊन घरी आले तेव्हा काकूंनी मलिदा ठेवला. असं संकट टळलं की त्यांच्यात एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना करतात आणि भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोबरं घालून, वर फळं मांडून ताट भरतात. पाहुणे यायचे होते. काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसून केळी कापत होते. मी शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, मला जरा बोलायचं होतं."

"गुडघ्यांविषयी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी ताटातलं खोबरं उगाच सारखं करू लागलो.

"माझे गुडघे बरे आहेत, सुहास."

"माहीत आहे."

"मग एवढं तेल कशाला आणायचास? काकू दरवाज्याच्या बिजागऱ्यांना घालते ते."

मी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. म्हणालो, "काका, माझं चुकलं. मी तुम्हाला..."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "थांब. त्या दिवशी हसलं कोण?"

"सगळेच."

"मग इथे पोह्यांसमोर माफी मागून काय होणार? पोहे हसले नव्हते." आवाजात राग नव्हता. लय चुकली की सांगायचे, तसंच सांगत होते. "मला वाईट नक्कल केल्याचं नाय वाटलं रे. माझी नक्कल तर पोरंपण करतात. पण ती तू कोणाच्या तोंडी घातलीस... पाव्हण्याला हाकलणाऱ्याच्या. मी कोणाला हाकललं होतं का कधी? मी तर तुझ्यामागे बसून वाजवत होतो." सुरी पुन्हा उचलत म्हणाले, "जिथे केलंस, त्या माणसांसमोर सांग. आणि पहिला शनिवार सांग. तो अजून राहिलाय."

"तुम्ही याल?"

"पेटी येईल," ते म्हणाले. मग केळ्याचा एक काप माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "गुडघे काय म्हणतात ते बघू."

चर्चमध्ये तारीख ठरली, भांडुपच्या मंडळींनाही बोलावणं गेलं. काकांना सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "रविवार आहे ना?" आणि मान हलवली. त्या तारखेच्या आधीच तो शनिवार आला, ज्या शनिवारी मी त्यांच्यापाशी बसून राहिलो. संध्याकाळी त्यांची माणसं आली. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पुष्कळ घरं इस्राएलला गेली, दहा जमवताना फोनावर फोन चालले होते. त्या दहात मी धरला जात नव्हतो. मी दाराशी सरकलो तर काकू म्हणाल्या, "जातोस कुठे? इथेच उभा राहा." दाराच्या चौकटीला मेझुझाची, म्हणजे आत शास्त्रवचन ठेवलेली, छोटी डबी आहे. जाता-येता काका तिला बोटं लावून ओठांना न्यायचे. त्या डबीवरचा रंग त्यांच्या उंचीला नेमका उडालेला आहे. मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि समजत नसलेली ती प्रार्थना शेवटपर्यंत ऐकली.

कार्यक्रम पुढे ढकलूया, असं मंडळ म्हणालं. मी महिनाभराने घेतला. आदल्या दिवशी वर गेलो तर कापडात बांधलेली पेटी दाराशी होती. गाठ काकूंनी मारलेली, काकांपेक्षा सैल. "सूर नाही बघितले," त्या म्हणाल्या, "मला कुठे कळतात?" दुसऱ्या दिवशी त्याही आल्या आणि चर्चच्या शेवटच्या बाकावर बसल्या.

काका बसायचे त्या जागी मी सतरंजी घातली, पेटी ठेवली, झाकण उघडलं. वाजवायला कोणाला बसवलं नाही. तबला आणि झांजांच्या साथीनेच उभा राहिलो. पहिला शनिवार सांगितला, सगळाच्या सगळा. पौल आणि त्याचा सोबती, दोन अनोळखी माणसं दारातून आत येतात, त्यांना कोणी अडवत नाही. मुकादम म्हणतो, बोला. बोलणारा पौल यहूदी, बोला म्हणणारा यहूदी, ऐकून पुन्हा या म्हणणारे यहूदी, आणि त्यांच्याच छपराखाली बसून आमच्यासारखे परके ते पहिल्यांदा ऐकतात. यात काही रंग नाही असं मला एकेकाळी वाटलं होतं. त्या दिवशी कोणी चहाला उठलं नाही, आणि कोणी झोपलंही नाही.

मग दुसरा शनिवार आला. तिथे मी झांजा खाली ठेवल्या आणि त्या रिकाम्या सतरंजीकडे तोंड केलं. पूर्वी कधी वळलो नव्हतो. लोकांकडे पाठ करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "एझ्राकाका, भांडुपला तुम्ही असेच माझ्या मागे बसला होता, तेव्हा मी तुमची नक्कल करून या सगळ्यांना हसवलं. दार लावणारे म्हणून मी तुम्हाला दाखवलं, आणि तुम्ही माझ्यासाठी भाता मारत होता. तुम्ही दार कधीच लावलं नव्हतं. ते खोटं मी सांगितलं, आणि ते ज्यांना सांगितलं होतं त्याच माणसांसमोर आज मागे घेतो. माझं चुकलं, काका. मला माफ करा."