गुडघा वाकवू नका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी कोर्टातल्या चहावाल्याच्या भानगडीसुद्धा सांगतो. मग तुम्हालाच का? ठाऊक नाही. ऐका म्हणजे झालं.

मी दिल्लीत वकील आहे. अपघातात सापडलेल्यांना भरपाई मिळवून देणं हा माझा धंदा. वडील सरकारी कारकून, शाळा पहाडगंजची मराठी, आणि मी काळा कोट चढवला तेव्हा देशात नव्या मोटारी नुकत्याच येऊ लागल्या होत्या. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उगवत होते, गाझियाबादकडे शेतं विकून फ्लॅट होत होते. रस्ते रुंद झाले, गाड्या सुसाट सुटल्या, आणि माझ्याकडे जखमींची रांग लागली. राबायचो हो मी, खोटं कशाला बोलू? वॉर्डात खाटेशेजारी बसून कागद भरायचो. इथले मराठी लोक म्हणायचे, आपल्या वकिलांकडे जा, घरचं समजून लढतात. घरचं समजून! ते शब्द अजून टोचतात मला.

मालनवहिनी कॅन्टोन्मेंटमध्ये राहायच्या. साताऱ्याकडच्या, नवरा हवालदार, तेव्हा सरहद्दीवर. भाजी घेऊन परतताना एका खाजगी बसने त्यांना उडवलं, उजवा गुडघा फुटला. मला पहिल्या दिवसापासून भाऊजी म्हणायच्या. क्वार्टरमध्ये चांगला ओटा होता, पण उभ्याने थापलेली भाकरी ही भाकरीच नव्हे असं त्यांचं मत. स्टोव्ह खाली ठेवून, मांडी घालून थापायच्या. हॉस्पिटलात वकीलपत्रावर सही करताना म्हणाल्या, "पैशाचं तुम्ही बघा, भाऊजी. मला आपली मांडी घालता आली म्हणजे झालं."

प्लॅस्टर निघालं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं — रोज वाकवा, दुखलं तरी वाकवा, नाहीतर सांधा धरेल. मी तिथेच उभा होतो. याच कानांनी ऐकलं.

आणि बाहेर आल्यावर मी काय म्हणालो? — सांगतो. जरा दम घेऊ द्या.

आमच्याकडे कसं असतं, की सरकारी डॉक्टर जखमी माणसाला तपासून अपंगत्व किती टक्के ते लिहून देतात, आणि भरपाई त्यावर ठरते. तपासणीआधी माणूस जितका बरा झाला, तितका दावा पातळ. म्हणून वकील अशिलाच्या कानात हळूच सांगतात... सगळेच सांगतात. नाही — सगळ्यांचं सोडा. मी सांगितलं. "वहिनी, तपासणी होईपर्यंत गुडघा वाकवू नका. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि हवालदारसाहेबांना पत्रात हे लिहू नका." हवालदार सरळ माणूस, त्यांना असलं चाललं नसतं. हे मला कळत होतं. म्हणजे आपण काय करतोय तेही कळत होतंच ना?

त्यांनी एकदाच विचारलं, "पण त्या बाई तर म्हणाल्या..." मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास आहे ना?" संपलं.

तपासणीची तारीख पुढे गेली. डॉक्टर रजेवर. मग आम्हा वकिलांचाच संप. मग आणखी काहीतरी. दर वेळी मला म्हणता आलं असतं — वहिनी, खड्ड्यात गेली तपासणी, वाकवा! नाही म्हणालो. इतकं थांबलोय तर आणखी थोडं, असं वाटायचं. आणि खरं सांगू? थांबल्याने टक्के वाढतील हेही मनात होतंच. फीसाठी नव्हे, यार. मला एक मोठा निकाल हवा होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोकांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणावं, ते बघा, तेच ते. एवढ्यासाठी. पुढे मंडळाने शाल घातलीसुद्धा.

तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "वकील साहब, ये तो जम गया. अब नहीं मुड़ेगा." आणि — थू माझ्या जिण्यावर — त्याच क्षणी वाटलं, दावा जिंकला.

वहिनींना काही सांगितलं नाही; आता वाकवा, असंही नाही.

निकाल लागला, मोठा लागला. पेढे घेऊन मी कॅन्टोन्मेंटला गेलो. हवालदार सुट्टीवर आले होते. माझे दोन्ही हात धरून रडला तो माणूस, आणि मग स्वतः चहा टाकायला आत गेला. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, पाय समोर सरळ. आतल्या दाराकडे एकदा पाहून त्या हळूच म्हणाल्या,

"भाऊजी, आता वाकवू का?"

परवानगी मागत होत्या हो! इतके महिने ही बाई माझ्या शब्दाची वाट बघत बसली होती. मी म्हणालो, "हो... वाकवा." त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरला, दातावर दात रोवून जोर लावला. डोळ्यांतून पाणी आलं. पाय तसाच.

कप घेऊन येताना हवालदारांनी ते पाहिलं आणि भडकले. "आता कशाला? हॉस्पिटलात कोकलून सांगत होते म्हणे, तेव्हा ऐकलं नाहीस. नुसता आळस!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. बोलण्यावरच तर पोट भरतो मी.

बोललो. म्हणालो, "खरंय, वहिनी. ऐकायला हवं होतं तुम्ही."

त्यांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि काठी टेकत कोपऱ्यात गेल्या. देव खाली पाटावर मांडलेले होते. पुडा हातात धरून त्या तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी हवालदारांनी तो घेऊन देवापुढे ठेवला, आणि मी चहा प्यायलो.